हृदयतालाचे आनुवंशिक विकार : निदानाच्या वाटेवर संगणकातील हृदयपेशी

गाझियाबाद : स्वतःला निरोगी म्हणविणाऱ्या १,०२९ भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी १९ जणांमध्ये हृदयाच्या तालाशी निगडित रोगकारक अथवा बहुधा रोगकारक जनुकीय बदल आढळले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजेच सीएसआयआरच्या दिल्लीतील जिनोमिकी व एकात्मिक जीवशास्त्र संस्थेने हा अभ्यास हाती घेतला होता. गाझियाबाद येथे मुख्यालय असलेल्या वैज्ञानिक व नवोन्मेषी संशोधन अकादमीशी संलग्न संशोधकांचाही त्यात सहभाग होता. त्याचे निष्कर्ष २०२२ साली ‘ह्यूमन जिनोमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या अभ्यासातील दुसरा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. हृदयतालाशी संबंधित ३६ जनुकांमध्ये संशोधकांना एकूण १,८६,७८२ बदल दिसले. चाळणी लावल्यानंतर त्यांतील ४७० बदल संभाव्य धोक्याचे म्हणून वेगळे काढण्यात आले. या ४७० पैकी १२४ बदल, म्हणजे सुमारे २६ टक्के, जगातील अन्य लोकसमूहांच्या माहितीसंचांत किंवा प्रसिद्ध संशोधनात कुठेही नोंदलेले नव्हते. असा एखादा बदल रुग्णाच्या अहवालात आला, तर डॉक्टरांनी त्याचा अर्थ कशाच्या आधारे लावावा? पूर्वीचा एकही रुग्ण नोंदीत नसेल, तर तुलनेला काहीच उरत नाही. हृदयपेशीचे संगणकीय प्रतिरूप नेमके याच ठिकाणी उपयोगी पडू शकते. त्याची ताकद कोणती आणि मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ठोक्यामागील विद्युत

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनाआधी हृदयाच्या पेशींमधून विजेची एक लहर जाते. पेशीच्या आवरणात प्रथिनांचे अतिसूक्ष्म दरवाजे असतात. त्यांना आयनवाहिन्या म्हणतात. प्रथम सोडियमचे दरवाजे उघडतात आणि विद्युतभारित सोडियमकण वेगाने आत शिरतात. त्यानंतर कॅल्शियम आत येते व स्नायू आकुंचन पावतो. शेवटी पोटॅशियमचे दरवाजे उघडून भार बाहेर वाहून नेतात आणि पेशी पुढील ठोक्यासाठी पूर्ववत होते. जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या पेशीत हा सारा व्यवहार सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात आटोपतो.

ईसीजीच्या कागदावर या व्यवहाराचे प्रतिबिंब उमटते. त्यातील ‘क्यूटी’ नावाचे अंतर जवनिकांच्या पेशी उत्तेजित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा काळ दाखवते. पोटॅशियमचे दरवाजे पुरेसे उघडले नाहीत, किंवा सोडियमचे दरवाजे वेळेवर मिटले नाहीत, तर हे अंतर लांबते. पेशी पूर्ववत होण्यास उशीर झाला की त्या अवधीत एखादा अवेळी ठोका पडून हृदयाचा ताल विस्कटू शकतो. हृदय पंपासारखे रक्त ढकलण्याऐवजी नुसतेच थरथरू लागते, मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपून कोसळतो. काही वेळा ताल आपोआप सावरतो. तो सावरला नाही, तर मृत्यू ओढवतो.

हृदयाची रचना निर्दोष असताना केवळ आयनवाहिन्यांच्या किंवा त्यांच्याशी निगडित प्रथिनांच्या दोषामुळे उद्भवणाऱ्या या विकारांचा एक गटच आहे. दीर्घ क्यूटी विकार हा त्यांतील सर्वाधिक अभ्यासला गेलेला विकार. सुमारे २,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो, असा अंदाज आहे. जन्मजात बहिरेपणासह येणाऱ्या त्याच्या एका प्रकाराचे वर्णन नॉर्वेतील येर्वेल आणि लांगे-नील्सेन यांनी १९५७ साली केले. ब्रुगाडा बंधूंनी १९९२ मध्ये वर्णिलेल्या विकारात झोपेत किंवा ताप असताना धोका वाढतो. आणखी एका विकारात विश्रांतीच्या वेळचा ईसीजी अगदी सर्वसाधारण दिसतो. व्यायाम किंवा तीव्र भावनावेग यांच्या प्रसंगीच ताल बिघडतो.

या विकारांची लक्षणे फसवी असतात. मूल खेळताना कोसळते, हातपाय झटकते आणि थोड्या वेळात उठून बसते. पाहणाऱ्यांना ती फिट वाटते आणि उपचारही अपस्माराचेच सुरू होतात. दीर्घ क्यूटी विकाराच्या पहिल्या प्रकारात धावणे, विशेषतः पोहणे हे निमित्त ठरते. दुसऱ्या प्रकारात गजराच्या घड्याळाचा किंवा फोनचा अचानक झालेला आवाजही पुरेसा होतो. तिसऱ्या प्रकारात घटना बहुधा विश्रांतीत वा झोपेत घडतात. दोष बहुतेकदा आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो व प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे एका मुलाचे निदान हा संपूर्ण कुटुंबाचा प्रश्न बनतो.

अहवालातील ‘अनिश्चित’ शब्द

जनुकीय बदलांचे वर्गीकरण कसे करावे, यासाठी २०१५ साली अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जातात. त्यांत पाच वर्ग आहेत : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. पैकी मधला वर्ग कुटुंबाला सर्वाधिक त्रासदायक ठरतो. बदल सापडला आहे, पण त्याचा अर्थ ठाऊक नाही, एवढेच तो सांगतो.

दिल्लीतील संस्थेच्या अभ्यासात ४७० संभाव्य बदलांपैकी अवघे १३ बदल पहिल्या दोन वर्गांत बसले. हृदयतालाच्या विकाराचे रुग्ण असलेल्या ५३ जणांच्या स्वतंत्र गटात संशोधकांनी या १३ बदलांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतील ३ बदल तेथेही मिळाले. निरोगी लोकांच्या माहितीसंचातून काढलेली यादी प्रत्यक्ष रुग्णांच्या निदानात उपयोगी पडते, हे यातून दिसले.

या आकड्यांवरून देशातील जवळपास प्रत्येक पन्नासावा माणूस रुग्ण आहे, असा अर्थ मात्र काढता येणार नाही. असे बदल असणाऱ्यांचे प्रमाण ०.९ ते १.८ टक्के असावे, असा अंदाज संशोधकांनी मांडला आणि त्याचा वैद्यकीय अर्थ सावधपणे लावावा, असेही बजावले. जनुकात बदल असूनही आयुष्यभर काहीही न झालेली माणसे असतात. काही विकार तर दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली, तरच प्रकट होतात.

नुसती अक्षरे का पुरत नाहीत

जनुकातील बदल वाचणे आता स्वस्त आणि वेगवान झाले आहे. बदलाचा परिणाम ओळखणे तितके सोपे नाही. पोटॅशियमच्या वाहिनीचे उदाहरण घेऊ. दीर्घ क्यूटी विकाराच्या पहिल्या दोन प्रकारांशी संबंधित वाहिन्या प्रत्येकी चार प्रथिनतुकड्यांच्या जोडणीने बनतात. माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांतील एक सदोष आहे, असे समजा. सदोष प्रतीपासून प्रथिन तयारच झाले नाही, तर चांगल्या प्रतीपासून साधारण निम्म्या वाहिन्या बनतात आणि निम्मे काम चालू राहते. परंतु सदोष तुकडा तयार होऊन जोडणीत शिरला व एका तुकड्यानेही अख्खी वाहिनी निकामी होत असली, तर चारही तुकडे चांगले असण्याची शक्यता सोळात एक एवढीच उरते. एकाच जनुकातील दोन बदलांपैकी एक सौम्य आणि दुसरा घातक असू शकतो, तो यामुळे.

बदलाचे वर्तन तपासण्यासाठी प्रयोगशाळेत तो जनुक एखाद्या पेशीत घालतात आणि अतिसूक्ष्म काचनळीच्या साह्याने वाहिनीतून वाहणारा प्रवाह मोजतात. हे तंत्र विकसित करणारे एर्विन नेहर व बर्ट साकमान यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या मोजमापातून वाहिनी किती उघडते, किती वेगाने मिटते हे कळते. मात्र ही चाचणी एका प्रकारच्या वाहिनीची असते. हृदयाच्या पेशीत अनेक प्रकारच्या वाहिन्या एकाच वेळी कार्यरत असतात व एकीची उणीव दुसरी काही अंशी भरून काढते. एका दरवाजातील बिघाडाने संपूर्ण पेशीचा ताल बिघडेल का, या प्रश्नाचे उत्तर संगणकीय प्रतिरूप देऊ पाहते.

माकूळ ते मानवी हृदय

या विद्येचा पाया १९५२ साली ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी घातला. माकूळ या सागरी जिवाच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून त्यांनी सोडियम व पोटॅशियमच्या प्रवाहांची समीकरणे मांडली. ती सोडविण्यासाठी हक्सले यांनी हाताने फिरवायचे गणनयंत्र वापरले होते. या कार्यासाठी दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच धर्तीची समीकरणे हृदयाच्या पेशीला लावून डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये लंडन विद्यापीठाच्या संगणकावर पहिल्यांदा कृत्रिम ठोका उमटवला.

पुढे चिंग-शिंग लुओ आणि योराम रुडी यांनी १९९१ मध्ये गिनीपिगच्या हृदयपेशीचे प्रतिरूप तयार केले. रुडी यांच्याच गटाने २०११ साली शंभरहून अधिक निरोगी मानवी हृदयांतून मिळालेल्या माहितीवर आधारलेले प्रतिरूप प्रसिद्ध केले. ते आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात चाळीसच्या आसपास राशी क्षणोक्षणी बदलत असतात : पेशीतील विद्युतदाब, सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे प्रमाण, तसेच निरनिराळ्या दरवाजांची उघडझाप. संगणक सेकंदाचा अत्यंत लहान तुकडा घेऊन या साऱ्यांचा हिशेब करतो, मग पुढचा तुकडा घेतो आणि असे करीत शेकडो ठोके चालवून पाहतो.

निदानाशी याचा संबंध कसा जोडला जातो, हे १९९९ साली कॉलीन क्लॅन्सी आणि रुडी यांनी ‘नेचर’मधील शोधनिबंधात दाखवून दिले. दीर्घ क्यूटी विकाराच्या तिसऱ्या प्रकारास कारण ठरणारा, सोडियमवाहिनीच्या जनुकातील एक बदल त्यांनी घेतला. त्या बदलामुळे काही दरवाजे मिटल्यानंतर पुन्हा उघडत आणि थोडा प्रवाह आत झिरपत राही. त्याचे मोजमाप प्रतिरूपात घातल्यावर पेशीचा ठोका लांबला. ठोक्यांची गती मंद केली की तो अधिकच लांबे आणि त्यावर अवेळी ठोके उमटत. या रुग्णांना झोपेत, म्हणजे हृदयगती मंदावलेली असताना धोका का असतो, याचे स्पष्टीकरण एका समीकरणसंचातून मिळाले.

आज अनोळखी बदलाबाबत हाच मार्ग अनुसरता येतो. प्रथम वाहिनीचे वर्तन मोजायचे. मग ते आकडे प्रतिरूपात घालून निरनिराळ्या गतींवर, व्यायामाच्या वा विश्रांतीच्या परिस्थितीत, विशिष्ट औषधांच्या उपस्थितीत पेशी चालवून पाहायची. ठोका लक्षणीय लांबला, अवेळी ठोके उमटले आणि हा नमुना रुग्णाच्या लक्षणांशी जुळला, तर ‘अनिश्चित’ बदलाविषयीच्या पुराव्यात भर पडते. काहीच फरक पडला नाही, तर संशय कमी होतो. काही प्रयोगशाळांत रुग्णाच्याच रक्तातील पेशींपासून हृदयपेशी वाढवून हे अनुमान पडताळले जाते.

पेशीपुढचा टप्पा संपूर्ण हृदयाचा आहे. ताल विस्कटतो तेव्हा हृदयस्नायूत विजेच्या भोवऱ्यासारख्या लहरी फिरू लागतात. त्यांच्या गणितात भारतीय भौतिकशास्त्रज्ञांचेही काम आहे. अशा लहरी क्षीण विद्युतस्पंदांनी कशा शमविता येतील, याचा संगणकीय अभ्यास सिताभ्र सिन्हा, अश्विन पांडे आणि राहुल पंडित यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. एका पेशीचे गणित साध्या संगणकावरही होते. कोट्यवधी पेशींच्या हृदयाला मात्र मोठी संगणनक्षमता लागते. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या परम मालिकेतील महासंगणकांचा विस्तार राष्ट्रीय महासंगणन अभियानातून होत आहे. २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे परम रुद्र महासंगणक कार्यान्वित झाले. गणनेसाठी लागणारे सामर्थ्य देशात आहे. वाहिन्यांचे मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळा, रुग्णालये आणि गणितज्ञ यांची सांगड घालणे हे खरे काम आहे.

साक्षीदार, न्यायाधीश नव्हे

प्रतिरूपाच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. त्यात घातलेली मोजमापे चुकीची असतील, तर उत्तरही चुकीचेच येणार. वाहिनीची चाचणी बहुधा हृदयपेशीत न होता प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या अन्य पेशीत होते. प्रतिरूप सरासरी हृदयाचे असते. एकच बदल असलेल्या दोन भावंडांपैकी एकाला वारंवार भोवळ येते व दुसऱ्याला आयुष्यभर काही होत नाही, हे वास्तव अशा सरासरीत मावत नाही. वय, लिंग, इतर जनुके, रक्तातील पोटॅशियमची पातळी आणि घेतलेली औषधे या सर्वांचा परिणाम होतो.

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. घातक बदल निरुपद्रवी ठरवला गेला, तर मूल संरक्षणाविना राहते. निरुपद्रवी बदल घातक ठरला, तर निरोगी मुलाचे खेळ सुटतात, आयुष्यभराची औषधे मागे लागतात आणि विवाहापासून विम्यापर्यंत अकारण अडचणी उभ्या राहतात. म्हणून संगणकाचे उत्तर हे अनेक पुराव्यांपैकी एक मानावे लागते. अंतिम निर्णय रुग्णाची लक्षणे, ईसीजी, कुटुंबाचा इतिहास व जनुकचाचणी यांच्या एकत्रित विचारातूनच व्हायला हवा.

आज काय करता येईल

या साऱ्या प्रगत तंत्राआधीची पायरी अत्यंत साधी आहे, आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते. खेळताना, पोहताना, दचकल्यावर किंवा झोपेत शुद्ध हरपली असेल, फिटच्या औषधांनी गुण येत नसेल, किंवा घरात तरुण वयात कुणाचा अचानक मृत्यू झाला असेल, तर ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवणे अगत्याचे आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाला भोवळ येत असल्यास तर ईसीजीत दिरंगाई करू नये.

क्यूटी अंतर हृदयगतीनुसार बदलते. म्हणून १९२० मध्ये बॅझेट यांनी मांडलेल्या सूत्राने ते दुरुस्त करतात : मोजलेल्या अंतराला दोन ठोक्यांमधील सेकंदांच्या वर्गमुळाने भागायचे. मिनिटाला ६० ठोके असताना ४४० मिलिसेकंद हे अंतर ४४० च राहते. ७५ ते ८० च्या गतीला चित्र बदलते. मिनिटाला ८० ठोके असताना तेच ४४० दुरुस्तीनंतर सुमारे ५०८ होते, आणि ५०० च्या पुढील आकडा गंभीर मानला जातो. छापील अहवालातील ‘सामान्य’ या शब्दावर न थांबता तज्ज्ञाने हे अंतर स्वतः मोजणे का आवश्यक असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल. विश्रांतीच्या ईसीजीत न दिसणारा दोष व्यायामचाचणीत उघड होऊ शकतो.

निदान झाल्यास उपाय उपलब्ध आहेत. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे दीर्घ क्यूटी विकाराच्या अनेक रुग्णांना संरक्षण देतात. अधिक धोका असल्यास छातीत आयसीडी हे उपकरण बसवितात. काही प्रतिजैविके, उलटीवरील तसेच मानसिक आजारांवरील काही औषधे क्यूटी अंतर वाढवितात. अशा रुग्णांनी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी घेण्याचे टाळावे आणि प्रत्येक डॉक्टरांना आपल्या विकाराची कल्पना द्यावी. सुरू असलेली औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत. कुटुंबात रोगकारक बदल निश्चित झाला असेल, तर आईवडील, भावंडे व मुले यांची त्या एका बदलासाठी चाचणी करता येते. त्यापूर्वी आणि नंतर जनुकीय समुपदेशन घेणे श्रेयस्कर. कुणी अचानक कोसळून श्वास थांबला, तर तत्काळ छातीवर दाब देणे सुरू करून १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाची माहिती फरीदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवण्यात आली असून जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून आणखी अनेक अनोळखी बदल पुढे येतील. प्रत्येक बदलामागे एखादे कुटुंब आपल्या मुलाने मैदानात उतरावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मागत असेल. ते उत्तर देण्यासाठी जनुक वाचणारे यंत्र, वाहिनी मोजणारी प्रयोगशाळा, पेशी चालवून पाहणारा संगणक आणि कुटुंबाची हकिकत शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर या चौघांचीही गरज आहे.